आर्क ओळखणारा ब्रेकर : घरातल्या वीज-आगींवर तो कितपत कामाचा?

घराला आग लागली आणि गॅस, स्टोव्ह, निरांजन, उदबत्ती यांपैकी काही कारण सापडले नाही, की पंचनाम्यात ‘शॉर्टसर्किट’ लिहिले जाते. हे कारण जरा तपासून पाहायला हवे. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना थेट भिडले, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह उसळतो आणि धडधाकट एमसीबी सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास पडतो. एवढ्याशा वेळात सहसा आग धरत नाही. मग नवे डीबी (वीज वितरणाची पेटी), नवे एमसीबी असलेल्या घरांतही वायरिंगमधून आगी का लागतात?

कारण बऱ्याच आगींची सुरुवात प्रवाह वाढून होत नाही. सॉकेटमागचा स्क्रू सैल झालेला असतो, पलंगाच्या पायाखाली एक्स्टेंशनची वायर चिरडलेली असते, फोटो टांगताना ठोकलेला खिळा वायरीला खरचटून गेलेला असतो, उंदराने माळ्यावरची वायर कुरतडलेली असते. अशा जागी महिनोन्महिने बारीक ठिणग्या पडत राहतात. मीटर नेहमीसारखा फिरतो, दिवे लागतात, एमसीबी जागचा हलत नाही. या ठिणग्या ओळखून वीज तोडणारे साधन अमेरिकेत गेल्या पंचवीस वर्षांत घराघरांत पोहोचले. तिथे त्याला एएफसीआय म्हणतात, युरोपात एएफडीडी. भारतातही ते विकत मिळू लागले आहे. ते नक्की काय पाहते, काय पाहू शकत नाही, इतर देशांनी त्याची सक्ती कशी केली आणि आपल्या घरांत त्याची जागा कोणती, याचा हा आढावा.

आर्क सुरू कसा होतो

आर्क म्हणजे हवेतून वाहणारा प्रवाह. हवा एरवी उत्तम विद्युतरोधक असते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिक पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या नियमानुसार फट कितीही बारीक असली, तरी हवेतून प्रवाह फुटायला किमान ३२७ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. आपल्या घरातला २३० व्होल्टचा पुरवठा प्रत्येक आवर्तनात जास्तीत जास्त ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. अमेरिकेतला १२० व्होल्टचा पुरवठा १७० पर्यंतच जातो. म्हणजे थंड, कोरड्या, स्वच्छ फटीतून घरगुती वीज आपणहून उडी मारू शकत नाही. तिला वाट कुणीतरी करून द्यावी लागते.

ही वाट दोन प्रकारे होते. पहिला प्रकार सगळ्यांनी पाहिलेला आहे. चालू इस्त्रीचा प्लग ओढला की सॉकेटमध्ये निळसर ठिणगी दिसते. जुळलेले धातू दूर होताना शेवटच्या क्षणी वितळतात, त्यांची वाफ होते आणि त्या वाफेतून प्रवाह चालू राहतो. सैल जोडणीत हेच पुनःपुन्हा होते. दुसरा प्रकार जास्त घातक आहे. नेहमीच्या पीव्हीसी वायरीचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल असे बनवलेले असते. खराब जोडणीच्या उष्णतेने ते हळूहळू करपते आणि त्याचा कोळसा होतो. कोळसा वीज वाहून नेतो. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये किंवा तुटलेल्या तारेच्या दोन टोकांमध्ये असा काळा पूल तयार झाला, की पाशेनचा उंबरठा ओलांडायची गरजच उरत नाही. आर्क विझतो, पुन्हा पेटतो, आणि प्रत्येक वेळी थोडा आणखी कोळसा करून जातो. आर्कच्या गाभ्यातले तापमान काही हजार अंश सेल्सिअस असते. शेजारी लाकूड, पडदा, गादी किंवा धूळ असेल, तर ती पेटायला फार वेळ लागत नाही.

आर्कचे दोन प्रकार लक्षात ठेवले, तर पुढची सगळी चर्चा सोपी होते. एकाच तारेच्या तुटलेल्या किंवा सैल टोकांमध्ये होतो तो सिरीज आर्क. त्यातला प्रवाह पुढे जोडलेल्या उपकरणाएवढाच, किंबहुना थोडा कमीच असतो. फेज-न्यूट्रल किंवा फेज-अर्थ यांच्यामध्ये होतो तो पॅरलल आर्क. त्यात प्रवाह बराच मोठा असू शकतो, पण तो तुटक असतो.

फ्यूज, एमसीबी, आरसीसीबी : प्रत्येकाची नजर वेगळी

एमसीबीमध्ये दोन यंत्रणा असतात. जास्त भार बराच वेळ राहिला तर तापून वाकणारी द्विधातूची पट्टी, आणि शॉर्टसर्किटला ताबडतोब खेचणारे विद्युतचुंबक. घरगुती एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १६ अँपिअरच्या एमसीबीने साधारण १८ अँपिअरला तासभर पडायचे नसते, आणि साधारण २३ अँपिअरला तासाभरात पडायचे असते. आपल्याकडे सर्रास बसवल्या जाणाऱ्या सी प्रकारात चुंबकाची खेच मूळ आकड्याच्या पाच ते दहा पट प्रवाहाला लागते, म्हणजे ८० ते १६० अँपिअरला. आता पाच अँपिअरची इस्त्री एका सैल सॉकेटवर चालू आहे आणि त्या सॉकेटात सिरीज आर्क होतो आहे, असे समजा. एमसीबीला दिसतात फक्त पाच अँपिअर. त्याच्या दृष्टीने सगळे आलबेल आहे.

आरसीसीबी, म्हणजे बोलीतला ईएलसीबी, दुसरेच काही पाहतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो मोजतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज जमिनीकडे किंवा माणसाच्या अंगातून गळते आहे, असे समजून तो पडतो. माणसाचा जीव वाचवण्यात या साधनाची बरोबरी दुसरे कुणी करू शकत नाही. फेज-अर्थ आर्कही तो पकडतो. पण सिरीज आर्कमध्ये जेवढे गेले तेवढेच परत येते, फेज-न्यूट्रल आर्कमध्येही तसेच, म्हणून तिथे आरसीसीबीलाही काही दिसत नाही.

आर्क ओळखणारा ब्रेकर प्रवाह किती आहे यावर समाधान मानत नाही, तो प्रवाहाचा आकार तपासतो. एमसीबी रुग्णाचा ताप पाहतो असे म्हटले, तर हा ईसीजी काढतो. प्रत्यावर्ती प्रवाह प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला शून्यावर येतो. आर्क असेल, तर तो शून्याशी विझतो आणि दाब पुरेसा चढल्यावरच पुन्हा पेटतो. त्यामुळे एरवी गोलाईने वळणाऱ्या आलेखात शून्याजवळ सपाट पायऱ्या दिसतात. शिवाय आर्कमधून हजारो ते लाखो हर्ट्झपर्यंत पसरलेला विद्युत गोंगाट निघतो. ब्रेकरमधला छोटा प्रोसेसर या दोन्ही खुणा सतत तपासतो आणि त्या ठरावीक काळ टिकल्या तर वीज तोडतो. अमेरिकी मानक यूएल १६९९ मध्ये पॅरलल आर्कसाठी अर्ध्या सेकंदात आर्कची आठ अर्धी आवर्तने, हा निकष आहे. २३० व्होल्टसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयईसी ६२६०६ मध्ये, मुदत प्रवाहावर ठरते. अडीच अँपिअरच्या आर्कला एक सेकंद, पाच अँपिअरला अर्धा सेकंद, दहा अँपिअरला पाव सेकंद.

अमेरिकेतला जन्म

अमेरिकेत बहुतेक स्वतंत्र घरे लाकडी सांगाड्याची असतात. दोन फळ्यांमधल्या पोकळ भिंतीतून केबल जाते आणि ती खिळ्यांसारख्या स्टेपलनी लाकडाला ठोकलेली असते. स्टेपल जास्त आत गेला की आवरण दबते. अशा भिंतीत आर्क झाला, तर पेटायला लाकूड शेजारीच असते. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या जुन्या माहितीपत्रकात घरगुती वायरिंगमुळे वर्षाला ४०,००० हून अधिक आगी आणि ३५० हून अधिक मृत्यू नोंदवलेले आहेत. याच आयोगातल्या लिंडा स्मिथ आणि डेनिस मॅक्कॉस्क्री यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक महत्त्वाची गोष्ट दिसली होती. चाळीस वर्षांहून जुन्या घरांत अशा आगींचे प्रमाण त्या घरांच्या संख्येच्या मानाने बरेच जास्त होते.

मग आयोगाने अंडररायटर्स लॅबोरेटरीज या चाचणी संस्थेला उपाय शोधायला सांगितले. आर्क ओळखणे हा सर्वांत आश्वासक मार्ग आहे, असा त्या संस्थेच्या १९९५ च्या अहवालाचा सूर होता. १९९९ मध्ये यूएल १६९९ हे मानक आले. त्याच वर्षीच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने नव्या घरांच्या बेडरूममधल्या सॉकेटांना १ जानेवारी २००२ पासून हे संरक्षण बंधनकारक केले. सुरुवात बेडरूमपासून झाली, कारण झोपलेल्या माणसाला धूर वेळेवर कळत नाही.

त्याच सुमारास विमानांच्या वायरिंगनेही हाच प्रश्न भयानक रीतीने समोर आणला होता. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे १११ क्रमांकाचे विमान कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातले सर्व २२९ जण दगावले. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २००३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार आगीची सुरुवात बहुधा वायरीतल्या आर्कपासून झाली होती. विमानातले ब्रेकर सर्व प्रकारच्या आर्कपासून संरक्षण देण्यास समर्थ नव्हते, असेही मंडळाने नमूद केले. ब्रेकर बिघडलेले नव्हते. ते ज्या कामासाठी बनले होते, ते काम वेगळे होते.

सक्तीचा विस्तार आणि नाहक पडण्याची तक्रार

अमेरिकेतला कोड दर तीन वर्षांनी सुधारला जातो, आणि प्रत्येक फेरीत या ब्रेकरचा पसारा वाढत गेला. पहिल्या पिढीतले ब्रेकर फक्त ७५ अँपिअर आणि त्यावरचे पॅरलल आर्क ओळखत. २००५ च्या कोडने पाच अँपिअरचे सिरीज आर्कही ओळखणारा प्रकार २००८ पासून सक्तीचा केला. त्याला ‘कॉम्बिनेशन’ प्रकार म्हणतात. हे नाव दोन्ही तऱ्हांच्या आर्कशी संबंधित आहे. गळती-संरक्षण त्यात असेलच असे नाही, ते हवे असेल तर ‘ड्युअल फंक्शन’ ब्रेकर घ्यावा लागतो. २००८ च्या कोडने दिवाणखाना, जेवणघर, मार्गिका अशा बहुतेक खोल्या घेतल्या. २०१४ मध्ये स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याची जागा आली. जुन्या घरातली वायरिंग बदलली किंवा वाढवली, तर त्या सर्किटलाही नियम लागू झाला.

विस्ताराबरोबर तक्रारीही आल्या. ब्रश असलेल्या मोटारी, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, मिक्सर, ड्रिल, यांच्या ब्रशखाली प्रत्येक फेऱ्याला छोट्या ठिणग्या पडतात. त्या निरुपद्रवी असतात, पण त्यांचा आलेख आर्कसारखाच दिसतो. डिमर, ट्रेडमिल, स्वस्त एलईडी ड्रायव्हर यांचा गोंगाटही ब्रेकरला चकवतो. हौशी रेडिओ चालवणाऱ्यांना तर प्रेषण सुरू केले की ब्रेकर पडतो, असा अनुभव येऊ लागला. २०१३ च्या सुमारास त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने एका मोठ्या उत्पादकाबरोबर चाचण्या केल्या आणि त्यातून सुधारित ब्रेकर बाजारात आला.

नंतरच्या पिढ्या बऱ्याच सुधारल्या आहेत, पण प्रश्न संपलेला नाही. वारंवार नाहक पडणारे संरक्षक साधन लोक काढून टाकतात, आणि मग ते बसवण्याचा सगळा खर्च व्यर्थ जातो. ब्रेकर पडला म्हणजे तोच खराब, हा समजही तितकाच धोक्याचा आहे. अनेकदा तो खरोखरच सैल न्यूट्रलकडे किंवा चिरडलेल्या वायरीकडे बोट दाखवत असतो.

दुसरी तक्रार पैशांची होती. साध्या ब्रेकरच्या कित्येक पट किंमत, आणि घरात अशी दहा-पंधरा सर्किटे. घरबांधणी व्यावसायिकांच्या संघटनांनी या खर्चाविरुद्ध बाजू मांडली, आणि काही राज्यांनी राष्ट्रीय कोड स्वीकारताना हे कलम सौम्य केले. यात एक मूलभूत विसंगतीही आहे. सक्ती मुख्यतः नव्या घरांवर आहे, आणि आगी जुन्या घरांत जास्त लागतात. त्यामुळे या ब्रेकरने नक्की किती आगी टाळल्या, हे आकडेवारीतून वेगळे काढणेही अवघड होऊन बसते.

सर्वांत गंभीर आक्षेप

किंमत आणि नाहक पडणे यांहून मोठा आक्षेप तंत्रज्ञानाच्या आतूनच आला. या ब्रेकरच्या विकासात स्वतः सहभागी असलेले अभियंते जोसेफ एंगल यांनी २०१२ मध्ये विद्युत सुरक्षेच्या एका परिषदेत ‘कॉम्बिनेशन’ ब्रेकर काय करू शकतील आणि काय करू शकणार नाहीत, याची मांडणी केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. १२० व्होल्टवर तांब्याच्या तारेतला सिरीज आर्क टिकून राहत नाही. खरी आग लावते ती तप्त जोडणी, आणि ती या ब्रेकरला दिसत नाही.

तप्त जोडणीचा अभ्यास त्याहून जुना आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या मीस आणि बोसोलिए यांनी १९७७ मध्ये तो प्रसिद्ध केला. स्क्रू सैल असेल, तर तांब्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो. त्या थराचा रोध मोठा असल्याने प्रवाह जाताना तिथे उष्णता निर्माण होते, आणि काही वेळा तो बिंदू अक्षरशः लाल होऊन उजळतो. १५ अँपिअर प्रवाहाला अशा एका जोडणीत ३५ वॅटपर्यंत उष्णता निघू शकते, असे त्यांना आढळले. ३५ वॅट हा आकडा छोटा वाटेल. पण ती सगळी उष्णता मोहरीएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या बंद सॉकेटात कोंडलेली असते. प्रवाहाचा आकार मात्र जवळपास नेहमीसारखाच राहतो. फ्यूज उडत नाही, एमसीबी पडत नाही आणि आर्क शोधणाऱ्या प्रोसेसरलाही शोधण्यासारखे काही मिळत नाही.

हा आक्षेप मला ग्राह्य वाटतो, पण अर्धा. तो १२० व्होल्टच्या देशात उभा राहिलेला आहे. २३० व्होल्टवर आर्क विझल्यावर पुन्हा पेटायला जवळपास दुप्पट दाब उपलब्ध असतो, त्यामुळे सिरीज आर्क टिकण्याची शक्यता इथे जास्त. शिवाय तप्त जोडणी तप्तच राहत नाही. तिच्या उष्णतेने आवरण करपते, कोळसा होतो, आणि पुढची पायरी म्हणून आर्क किंवा गळती सुरू होते. त्या पायरीवर एएफडीडी किंवा आरसीसीबी आग पसरण्याआधी वीज तोडू शकतात. उशिरा का होईना, ही संधी मोलाची आहे. मात्र पहिली पायरी, म्हणजे सैल स्क्रू, हुडकायला माणसाचे डोळे आणि स्क्रूड्रायव्हर यांना पर्याय नाही.

युरोपचा सावध मार्ग

युरोपने घाई केली नाही. आयईसी ६२६०६ हे मानक २०१३ मध्ये आले आणि पुढच्या वर्षी इमारतींच्या वायरिंगविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकात एएफडीडीची शिफारस आली. जर्मनीने २०१६ च्या नियमांत पाळणाघरे आणि वृद्धाश्रम यांतल्या झोपण्याच्या जागा, लाकडी बांधकामे, संग्रहालयांसारख्या अमोल वस्तूंच्या जागा यांना सक्ती केली. तिच्यावर बरीच टीका झाली. २०१९ मध्ये सरसकट सक्ती मागे घेऊन त्या त्या जागेच्या धोक्याचे मूल्यमापन करायचे आणि त्यानुसार ठरवायचे, असा मार्ग जर्मनीने धरला.

ब्रिटनचा निर्णय जास्त नेमका आहे. तिथल्या बीएस ७६७१ या नियमावलीच्या मार्च २०२२ च्या दुरुस्तीने चार ठिकाणच्या ३२ अँपिअरपर्यंतच्या सॉकेट-सर्किटांना एएफडीडी सक्तीचा केला. उंच निवासी इमारती, अनेक कुटुंबे किंवा भाडेकरू एकत्र राहतात अशी घरे, विद्यार्थ्यांची वसतिगृहे आणि शुश्रूषागृहे. बाकी घरांना फक्त शिफारस आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधल्या आगीनंतर ब्रिटनमध्ये उंच इमारतींच्या सुरक्षेचा नव्याने विचार सुरू झाला होता. १४ जून २०१७ ला लागलेल्या त्या आगीत ७२ माणसे गेली, आणि तिची सुरुवात चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमधल्या फ्रिजमधून झाली होती. जिथे एका घरातली ठिणगी शंभर घरांना वेठीला धरते, तिथे सक्ती करायची, हा या नियमामागचा विचार आहे.

त्याच देशाने आणखी एक पाऊल उचलले, ज्याची चर्चा कमी होते. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार भाड्याने दिलेल्या खासगी घराची वायरिंग निदान दर पाच वर्षांनी पात्र व्यक्तीकडून तपासून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे. मला हा नियम एएफडीडीच्या सक्तीहून महत्त्वाचा वाटतो.

आपल्या घरांत

भारतात एएफडीडी घरांना सर्वसाधारणपणे बंधनकारक नाही. काही नामांकित कंपन्या तो विकतात. एका सर्किटचा नग काही हजार रुपयांना पडतो. तो घ्यावा का, हे ठरवताना अमेरिकेचा अनुभव जसाच्या तसा उचलता येत नाही, कारण आपली घरे वेगळी आहेत.

आपल्या भिंती विटांच्या आणि काँक्रीटच्या असतात. पीव्हीसी पाइपातून गेलेल्या वायरीत आर्क झाला, तरी प्लास्टरमागे पेटायला फारसे काही नसते. आपल्याकडे धोक्याच्या जागा दुसऱ्या आहेत. १६ अँपिअरचा गिझर किंवा एसी ६ अँपिअरच्या सॉकेटवर अडॅप्टर लावून चालवणे. एका एक्स्टेंशन बोर्डवर फ्रिज, मिक्सर, इंडक्शन. टेप गुंडाळून केलेले पिळाचे जॉइंट. पीओपीच्या छताआड आणि लाकडी पॅनेलिंगमागे सोडून दिलेल्या वायरी. जुन्या वाड्यांत आणि चाळींत लाकडी पट्टीवरून गेलेली, आवरण ठिसूळ झालेली वायरिंग, आणि तिच्यावर गेल्या वीस वर्षांत वाढलेला एसीचा भार. या शेवटच्या दोन प्रकारच्या जागा मात्र अमेरिकी लाकडी घराच्या फार जवळ जातात, आणि तिथे एएफडीडीचा उपयोग खरा आहे.

एक मर्यादा नीट समजून घ्यावी. हा ब्रेकर जिथे बसतो तिथून पुढचेच रक्षण करतो. जिन्याखालची मीटर केबिन, तिथून वर आलेली सब-मेन, मेन स्विचच्या आधीचे सैल लग, यांपैकी काहीही फ्लॅटमधल्या डीबीतल्या एएफडीडीला दिसत नाही. इमारतींतल्या मीटर रूमच्या आगींवर त्याचा इलाज नाही. त्या जागेची साफसफाई, तिथे ठेवलेले भंगार आणि स्कूटर हटवणे आणि वर्षातून एकदा सगळे लग आवळणे, हे सोसायटीलाच करावे लागेल.

दुसरी अडचण न्यूट्रलची. एएफडीडीतून त्याच्या सर्किटचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. आपल्या बहुतेक डीबींत एमसीबी फक्त फेजवर असतो आणि सगळे न्यूट्रल एका पट्टीवर आवळलेले असतात. कुठल्या सर्किटचा न्यूट्रल कोणता, हे वायरिंग करणाऱ्यालाही कालांतराने सांगता येत नाही. त्यात इन्व्हर्टर बसवताना न्यूट्रल एकमेकांत मिसळले जातात. अशा घरात एएफडीडी बसवायचा, तर आधी न्यूट्रल सर्किटवार वेगळे करावे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते करताना निम्मे दोष आपोआप सापडतात. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो बायपास करून ठेवलेली घरे आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यामागेही अनेकदा हेच मिसळलेले न्यूट्रल असतात.

छतावरच्या सौरपॅनेलांनी या विषयाला नवी बाजू जोडली आहे. पॅनेलमधून येणारी वीज एकदिश असते. ती कधी शून्यावर येत नाही, म्हणून तिचा आर्क आपणहून विझण्याची संधीच नसते. अमेरिकेच्या २०११ च्या कोडने इमारतीवरच्या ८० व्होल्ट आणि त्यावरच्या सौरमांडणीला डीसी आर्क-संरक्षण बंधनकारक केले. त्यासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६३०२७ हे २०२३ मध्ये आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांचे आहे. त्यातले प्रत्येक छत पुढची वीस-पंचवीस वर्षे ऊन, पाऊस आणि माकडे झेलणार आहे. छतावरचे एमसी-फोर कनेक्टर नीट दाबून बसलेले नसतील, तर आर्कची सुरुवात तिथून होते. आज अनेक सौर इन्व्हर्टरांत आर्क ओळखण्याची सोय अंगभूत असते. ती आहे का आणि चालू केलेली आहे का, हे बसवणाऱ्याला विचारून घ्यावे. घराच्या डीबीतला एएफडीडी या डीसी बाजूसाठी निरुपयोगी आहे.

मग काय करावे

सगळ्याचा ताळेबंद मांडला, तर आर्क ओळखणारा ब्रेकर हे खरे आणि उपयोगी साधन आहे. एमसीबी आणि आरसीसीबी यांना न दिसणारे संकट त्याला दिसते. २३० व्होल्टच्या आपल्या देशात त्याचे मोल अमेरिकेपेक्षा जास्तच असण्याची शक्यता आहे. पण संरक्षणाच्या रांगेत त्याची जागा चौथी आहे. पहिली जागा योग्य जाडीच्या वायरीची आणि घट्ट जोडण्यांची, दुसरी वायरीला साजेशा एमसीबीची, तिसरी चांगल्या अर्थिंगची आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीची. या तिन्ही गोष्टी नसताना एएफडीडीवर पैसे घालणे म्हणजे चुकीच्या टोकापासून सुरुवात करणे होय.

ज्यांच्याकडे या तीन गोष्टी आहेत, त्यांनी सगळ्या घराला एकदम एएफडीडी बसवण्याची गरज नाही. बेडरूमच्या सॉकेटांचे सर्किट, लाकडी पॅनेलिंग किंवा पीओपीआडून गेलेले सर्किट, म्हाताऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीचे सर्किट, एवढ्यांपासून सुरुवात पुरेशी आहे. ब्रेकर पडला, तर एकदा उपकरणे काढून पाहावे. तरीही पडत असेल, तर त्याला दोष देण्याआधी वायरिंग तपासावी.

सरकारकडे मागणी करायची, तर ती क्रमाने करावी. महाराष्ट्रात नवी वीजजोडणी घेताना परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. त्यानंतर घरमालक स्वतःहून बोलावेपर्यंत आतली वायरिंग कुणी पाहत नाही, हे बहुतेक घरांचे वास्तव आहे. वीस-तीस वर्षांहून जुन्या घरांची आणि भाड्याच्या घरांची ठरावीक मुदतीने तपासणी, ही पहिली मागणी असायला हवी. वसतिगृहे, वृद्धाश्रम, रुग्णालयांतले वॉर्ड आणि उंच निवासी इमारती यांतल्या झोपण्याच्या जागांना एएफडीडीची सक्ती, ही दुसरी. जी माणसे स्वतः उठून बाहेर पडू शकत नाहीत किंवा ज्यांची सुरक्षा दुसऱ्याच्या हाती आहे, त्यांच्यासाठी हा खर्च करायलाच हवा.

ही सक्ती येईपर्यंत एक काम प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे. या महिन्यात परवानाधारक वायरमनला बोलवा, मेन स्विच बंद करून डीबीतले, गिझरच्या आणि एसीच्या सॉकेटांतले सगळे स्क्रू आवळून घ्या, काळवंडलेला किंवा पिवळा पडलेला प्रत्येक सॉकेट बदला आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून तो पडतो का, ते पाहा. एएफडीडीचा विचार त्यानंतर करा.